पैशाचा पहिला धडा: ‘समजा’ कुठे हरवलं?

अर्थशास्त्र, वाणिज्य, कायदा, समाजशास्त्र या विषयांत विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीला जे धडे शिकवले जातात, त्यांतला एकेक घेऊन तो जरा तपासून बघायचा, असा आपला उद्योग चालू आहे. आज अर्थशास्त्रातला एक धडा घेऊ. अकरावीला तो असतो, पदवीच्या पहिल्या वर्षाला असतो, स्पर्धा परीक्षांच्या गाईडांत तर असतोच असतो. ‘वस्तुविनिमय पद्धती, तिच्या अडचणी आणि पैशाचा उदय.’

धडा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. पूर्वी पैसा नव्हता. लोक वस्तू देऊन वस्तू घेत. शेतकऱ्याकडे धान्य आहे आणि त्याला चपला हव्यात. चपला करणाऱ्याकडे चपला आहेत, पण त्याला धान्य नको, कापड हवंय. मग शेतकऱ्याने आधी असा विणकर शोधायचा की ज्याला धान्य हवं आहे, आणि मग ते कापड घेऊन पुन्हा चपलांकडे यायचं. याला पुस्तकांनी ‘गरजांच्या दुहेरी संयोगाचा अभाव’ असं जडशीळ नाव दिलंय. पुढे आणखी अडचणी येतात. मूल्य मोजायला समान माप नाही. गाय अर्धी करून देता येत नाही. भाजीपाला साठवून ठेवता येत नाही. देणं पुढे ढकललं तर ते कशात फेडायचं हे ठरत नाही. या अडचणींना कंटाळून माणसाने पैसा शोधून काढला. आधी जनावरं, मग कवड्या, मग धातू, मग नाणी, नोटा, धनादेश, कार्ड, आणि आता मोबाईल. पाच गुणांचा प्रश्न, पाच मुद्दे, विषय संपला.

आता, हा धडा सोपा आहे म्हणून मी त्याच्यावर टीका करणार नाही. पहिला धडा सोपाच असला पाहिजे. माझी तक्रार त्याच्या पहिल्या शब्दाबद्दल आहे. ‘पूर्वी’ हा तो शब्द. या जागी खरं तर ‘समजा’ असायला हवं होतं.

समजा, एका समाजात पैसाच नाही आणि तरीही प्रत्येकाला परक्या माणसाशी जागच्या जागी हिशेब पुरा करायचा आहे, तर काय अडचणी येतील? हा उत्तम प्रश्न आहे. तत्त्वज्ञानात आम्ही दिवसरात्र असेच प्रश्न विचारतो. अशा कल्पनेच्या प्रयोगातून पैसा कोणकोणती कामं करतो हे लख्ख दिसतं: विनिमयाचं माध्यम, मूल्य मोजण्याचं साधन, मूल्य साठवण्याचं साधन, पुढची देणी भागवण्याचं साधन. पण ‘समजा’ काढून तिथे ‘पूर्वी’ घातलं, की कल्पनेचा प्रयोग इतिहास होऊन बसतो. मग विद्यार्थ्याला वाटतं की असं खरोखर घडलं होतं. आणि इतिहास म्हटला की पुरावा लागतो.

ही गोष्ट आली कुठून ते आधी बघू. अ‍ॅडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये, म्हणजे १७७६ साली, पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात पैशाचा उगम येतो. खाटिक आहे, त्याच्याकडे त्याला लागतं त्यापेक्षा जास्त मांस आहे. बिअर गाळणारा आणि पाववाला यांना त्यातलं थोडं हवंय. पण खाटकाकडे पाव आणि बिअर आधीच पुरेशी आहे. झालं, व्यवहार अडला. म्हणून शहाणा माणूस जवळ अशी एखादी वस्तू ठेवतो की जी सहसा कुणी नाकारणार नाही. पुढे १८७५ मध्ये जेव्हन्सने पैशावर पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवात मोठी गंमतशीर आहे. पॅरिसची एक गायिका सोसायटी बेटांवर जलसा करते आणि उत्पन्नातला तिसरा हिस्सा म्हणून तिला तीन डुकरं, तेवीस टर्की, चव्वेचाळीस कोंबड्या, पाच हजार नारळ आणि शिवाय ढीगभर फळं मिळतात. ‘दुहेरी संयोग’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो जेव्हन्समुळेच. त्यानंतर १८९२ मध्ये कार्ल मेंगरने या गोष्टीला शास्त्रशुद्ध रूप दिलं. त्याचं म्हणणं असं की राजाने हुकूम काढावा लागत नाही, की लोकांनी सभा घेऊन ठरवावं लागत नाही. जी वस्तू सगळ्यांत सहज खपते ती जो तो आपल्या फायद्यासाठी जवळ ठेवू लागतो आणि तीच हळूहळू पैसा होते.

मेंगरचा युक्तिवाद हुशार आहे, त्याला कमी लेखू नका. पण तो युक्तिवाद आहे. ‘असं होऊ शकतं’ एवढंच तो सिद्ध करतो. ‘असं झालं’ हे सिद्ध करायला वेगळं काम करावं लागतं. आणि जेव्हन्सच्या गोष्टीत तर खुद्द गायिकाच पॅरिसहून आलेली आहे. परक्या गावची, पैशाची सवय असलेली, लगेच निघून जाणारी पाहुणी. त्या बेटावरचे लोक आपसांत कसे व्यवहार करत, याबद्दल ती गोष्ट काहीच सांगत नाही.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही मांडणी लगेच ओळखीची वाटेल. हॉब्जने १६५१ मध्ये राज्यसंस्थेबद्दल हेच केलं. आधी निसर्गावस्था होती, सगळे सगळ्यांशी लढत होते, मग लोकांनी करार केला आणि राज्य आलं. त्यावर ह्यूमने १७४८ च्या आपल्या निबंधात साधा प्रश्न विचारला: हा करार कुणी, कधी, कुठे केला? इतिहासात बघावं तर बहुतेक राज्यं आक्रमणातून आणि बळजबरीतून उभी राहिलेली दिसतात. तेव्हापासून राज्यशास्त्रात सामाजिक कराराला कुणी इतिहास म्हणत नाही. रॉल्सने १९७१ मध्ये तीच कल्पना पुन्हा वापरली, पण ही काल्पनिक स्थिती आहे, असं स्वच्छ सांगून. म्हणजे राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला ‘समजा’ शिकवलं जातं आणि शेजारच्या वर्गात अर्थशास्त्राच्या मुलाला ‘पूर्वी’ शिकवलं जातं. अर्थशास्त्राला अजून त्याचा ह्यूम भेटलेला नाही, असं म्हणावं की काय?

तसं नाही, भेटलाय. फक्त पहिल्या धड्यापर्यंत तो पोचलेला नाही. केंब्रिजच्या मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन हंफ्री यांनी १९८५ मध्ये वस्तुविनिमयावर एक लेख लिहिला. जगभरच्या नोंदी पाहून त्यांनी निष्कर्ष काढला की निव्वळ वस्तुविनिमयावर चाललेली अर्थव्यवस्था कुठेही वर्णन केलेली सापडत नाही, मग तिच्यातून पैसा जन्माला आल्याची नोंद कुठून मिळणार? २०११ मध्ये डेव्हिड ग्रेबर यांच्या कर्जावरच्या पुस्तकाने हा मुद्दा सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला. आणि जुन्या लेखी नोंदी बघायच्या तर मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्या बघा. तिथे देवळांचे आणि राजवाड्यांचे हिशेब चांदीच्या वजनात आणि जवाच्या मापात मांडलेले आहेत. हम्मुराबीच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात, चांदीच्या कर्जावर पाचवा हिस्सा आणि धान्याच्या कर्जावर तिसरा हिस्सा व्याज ठरवून दिलेलं आहे. नाणी आली ती त्यानंतर हजारेक वर्षांनी, आजच्या तुर्कस्तानातल्या लिडियामध्ये. तेव्हा व्याज, कर्ज आणि हिशेबाचं माप हे सगळं नाण्याच्या कितीतरी आधीचं आहे. धड्यात मात्र ‘पतपैसा’ सगळ्यांत शेवटी येतो, नोटांच्या नंतर.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणतील, असं कसं? वस्तुविनिमय असतोच की. बरोबर आहे. रॅडफर्ड नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये युद्धकैद्यांच्या छावणीचं वर्णन लिहिलं. तो स्वतः तिथे कैदी होता. रेडक्रॉसची पार्सलं यायची, त्यांतल्या वस्तूंची कैदी अदलाबदल करायचे आणि बघता बघता सिगारेट हाच पैसा झाला. मेंगरची गोष्ट जणू डोळ्यांसमोर घडली. सुंदर लेख आहे, जरूर वाचा. पण ते सगळे कैदी पैशाच्या जगातून आलेले होते, किंमत म्हणजे काय हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. बोहारीण. जुन्या साड्या, शर्ट घ्यायचे आणि स्टीलचं पातेलं द्यायचं. अस्सल वस्तुविनिमय, आणि घासाघीस कशी करावी हे आमच्या पिढीच्या बायकांकडून शिकावं! पण ती घासाघीस चालते कशाच्या जोरावर? दोघींनाही त्या पातेल्याची बाजारातली किंमत माहीत असते. वस्तुविनिमय पैशाच्या आधीचाच असतो असं नाही. पुष्कळदा तो पैशाच्या शेजारी असतो, नाहीतर पैसा आटला की डोकं वर काढतो.

स्मिथच्याच प्रकरणातलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तो सांगतो, स्कॉटलंडमधल्या एका गावात कामगार पाववाल्याकडे आणि गुत्त्यात पैशाऐवजी खिळे घेऊन जातात. म्हणजे खिळा हा पैसा. पुढे १९१३ मध्ये मिचेल इनिस या ब्रिटिश मुत्सद्द्याने बँकिंगच्या एका अमेरिकी नियतकालिकात लेख लिहिला आणि या खिळ्यांमागचं प्रकरण दाखवून दिलं. स्मिथच्या पुस्तकाच्या एका जुन्या संपादकाने, प्लेफेअरने, ते आधीच टिपून ठेवलं होतं. हे खिळे करणारे लोक गरीब. त्यांना कच्चा माल व्यापारी पुरवायचा, आणि खिळे तयार होईपर्यंतचं पाव-चीज वगैरे खाणंपिणंही उधारीवर मिळायचं. खिळे तयार झाले की त्या खिळ्यांतून ती उधारी वळती व्हायची. स्मिथला पैसा दिसला, पण तिथे खरं तर होती उधारीची वही. हातातला खिळा दिसतो, मागचं देणं दिसत नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

इथपर्यंत कुणी म्हणेल, बरं सर, समजा उगमाची गोष्ट चुकली, तर बिघडलं काय? मुलांना पैशाची कार्यं कळली ना? बिघडतं ते असं. हा धडा इतिहासाबरोबर माणसाचंही एक चित्र मुलांच्या मनात ठेवून जातो. दोन माणसं समोरासमोर उभी आहेत. दोघं सुटी, दोघं मोकळी, दोघांच्या हातात आपापली वस्तू. पटलं तर सौदा, नाही तर आपल्या वाटेने घरी. कुणी कुणाचं देणं लागत नाही. विद्यार्थी पुढे बाजार, मजुरी, भाडं, व्याज, जे जे शिकतो ते या चित्रावर शिकतो.

आता आपल्या भाषेकडे बघा. देण्याघेण्याचे किती शब्द मराठीत आहेत! शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ते उसनं, तेवढीच साखर परत द्यायची. वाण्याकडून आणली तर ती उधारी, ती वहीत लिहिली जाते. पेरणीला धान्य घेऊन सुगीला दीडपट परत करायचं ती वाढीदिढी. कामाच्या आधी पैसे घेतले तर ती उचल. सौदा पक्का केल्याची खूण म्हणून दिला तर तो विसार. एका शेतकऱ्याच्या रानात गावातल्यांनी आपापली औतं घेऊन दिवसभर राबायचं आणि त्याने त्यांना जेवू घालायचं ती इर्जिक. बैल आणि कष्ट आळीपाळीने एकमेकांना द्यायचे ती सावड. भटजीला दक्षिणा, गवयाला बिदागी, आणि गावकामगाराला बलुतं. यांतल्या प्रत्येक शब्दात कोण कुणाचं काय लागतो, कधी फेडायचं, न फेडलं तर काय होईल, हे सगळं भरलेलं आहे. पहिला धडा या सगळ्यांवर एकच पाटी लावतो: ‘वस्तुविनिमय’.

यातल्या बलुत्याजवळ थोडं थांबू या. कारण वस्तुविनिमयाचं भारतीय उदाहरण म्हणून आपल्याकडे गाईडांतून आणि वर्गांतून हमखास बलुतेदारी सांगितली जाते. सुतार औत करून देतो, कुंभार मडकी देतो, शेतकरी धान्य देतो. झाला वस्तुविनिमय!

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ चं. त्यांचे सगळे निष्कर्ष आज कुणी जसेच्या तसे स्वीकारणार नाही, पण गावातल्या व्यवहाराचं असं तपशीलवार वर्णन मराठीत दुसरं क्वचितच सापडेल. त्यात बलुतं कसं चाले ते बघा. सुतार, लोहार, महार, मांग, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, भट, मुलाणी, गुरव, कोळी, अशी बारा बलुती. गावोगाव यादी थोडी बदलते. त्यांच्या ओळी किंवा कासा ठरलेल्या: थोरली, मधली, धाकटी. त्याप्रमाणे सुगीला कुणाला किती वाटा हे ठरलेलं. म्हणजे एका नांगराला इतकं धान्य, एका मडक्याला तितकं, असा भाव नाही. काम वर्षभर चालायचं, वाटा खळ्यावर मिळायचा. काम पिढीजात, वाटा पिढीजात, आणि दोन्ही जातीने बांधलेलं.

इथे ‘दुहेरी संयोगा’ची अडचण आली का हो कधी? कुंभाराला आज धान्य नको म्हणून शेतकऱ्याचं मडकं अडलं, असं झालं का? नाही, कारण तो सौदा नव्हताच. धड्यात सांगितलेली एकही अडचण बलुत्याला लागू पडत नाही. बलुत्याची खरी अडचण वेगळीच होती, आणि ती धड्याच्या पाच मुद्द्यांत कुठेच नाही. ती म्हणजे, ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती.

वाणिज्य शाखेच्या मुलांना याच सुमारास कायद्याच्या तासाला भारतीय करार अधिनियम, १८७२ शिकवतात. कलम १० सांगतं की करार व्हायला मुक्त संमती हवी. कलम १४ सांगतं की जबरदस्ती, अनुचित प्रभाव, लबाडी, गैरनिवेदन किंवा चूक यांतून आलेली संमती ही मुक्त संमती नव्हे. कलम १६ तर दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असलेल्या माणसाचाच विचार करतं. मुलगा दहाच्या तासाला हे शिकतो आणि अकराच्या तासाला बलुत्याला ‘विनिमय’ म्हणतो. संमती होती का, हा प्रश्न तो दुसऱ्या तासाला घेऊन जात नाही. कारण धड्यातल्या चित्रात ती गृहीतच धरलेली असते. दोन मोकळी माणसं, आठवतंय ना?

हे गृहीतक ज्यांनी मोडून दाखवलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अर्थशास्त्रज्ञ आंबेडकरांचं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालं. त्यात पैशाचा इतिहास कायदे, टांकसाळी आणि तारखा यांच्या आधाराने मांडलेला आहे. १८३५ च्या कायद्याने चांदीचा रुपया एकसारखा झाला, १८९३ मध्ये चांदीसाठी टांकसाळी बंद झाल्या, त्याने कुणाला फायदा आणि कुणाला तोटा झाला, असं ते सगळं विवेचन आहे. पैसा हा कायद्याने आणि सत्तेने घडतो, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल सत्तेला जाब विचारता येतो, असा त्याचा सूर.

आणि तेच आंबेडकर पाच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात महार वतनाबद्दल विधेयक मांडतात. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी. परिस्थिती काय होती? महार वतनदार हा सरकारी कामाला बांधलेला. कुठल्याही वेळी बोलावणं आलं तर जायचं, तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. मोबदला काय, तर थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारं बलुतं. काम सरकारचं, आणि पोट मात्र गावाच्या मर्जीवर. गाव रागावलं की बलुतं बंद. विधेयकात इतर तरतुदींबरोबर एक तरतूद होती की हे बलुतं पैशाच्या रूपातल्या करात बदलावं आणि सरकारी वसुलीबरोबर गोळा करावं.

मंडळी, इथे जरा विचार करा. हाही धान्याकडून पैशाकडे जाण्याचाच प्रसंग आहे. आणि हा खरा आहे, त्याला तारीख आहे, विधिमंडळाची कार्यवाही आहे. पण इथे पैसा कशासाठी मागितला जातोय? धान्य जड असतं म्हणून? त्याचे भाग पडत नाहीत म्हणून? पैसा मागितला जातोय तो खळ्यावर हात पसरून उभं राहावं लागू नये म्हणून. ज्याच्याकडून वाटा घ्यायचा त्याच्या मर्जीतून सुटण्यासाठी. ते विधेयक तेव्हा संमत झालं नाही. ही कनिष्ठ गाववतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. तीस वर्षं! माझ्या मते पैशाच्या पहिल्या धड्यात महाराष्ट्रातल्या मुलाला खाटिक-पाववाल्याच्या आधी ही गोष्ट सांगायला हवी.

उलट बाजूही आहे. नुसता पैसा हातात आला म्हणजे माणूस सुटतोच, असंही नाही. ऊसतोड कामगारांचं बघा. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी हंगामाला ही माणसं बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हंगामाच्या आधी मुकादम उचल देतो. नोटा खऱ्या असतात, मोजून दिलेल्या असतात. पण मजुरी नंतर, देणं आधी. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर ती पुढच्या हंगामावर जाते. स्कॉटलंडच्या खिळ्यांत आणि यात फरक किती आहे? धड्याच्या चित्रात कामगार श्रम विकतो आणि मालक पैसे देतो, हिशेब तिथल्या तिथे पुरा. उचलीच्या वहीत हिशेब पुरा होत नाही, आणि तसा तो पुरा होत नाही यातच ती वही ठेवणाऱ्याची ताकद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलं की आर्थिक अगतिकतेतून किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबावं लागणं हीसुद्धा घटनेच्या कलम २३ मधली वेठ आहे. मजूर ‘स्वतःहून’ आला होता, एवढं म्हणून भागत नाही. न्यायालयाला जे दिसलं, ते आपल्या पहिल्या धड्याला का दिसू नये?

याच धड्यामुळे पुढचं बँकेचं प्रकरणही मुलांना कळत नाही. पैसा ही एक वस्तू आहे हे एकदा मनात बसलं, की बँक म्हणजे ती वस्तू ठेवायची कोठी असं वाटतं. लोक ठेवी ठेवतात आणि बँक त्याच उचलून दुसऱ्याला देते. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात स्पष्ट लिहिलं की आजच्या अर्थव्यवस्थेत बहुतांश पैसा बँकांच्या कर्ज देण्यातून तयार होतो; कर्ज देताना बँक कर्जदाराच्या खात्यात नवी ठेव लिहिते. हे विद्यार्थ्याला जादूसारखं वाटतं. पण ज्याने वाण्याची उधारीची वही पाहिली आहे, त्याला ते सहज समजायला हवं. खिशातली शंभराची नोट काढून वाचा. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीने धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं वचन दिलेलं आहे. एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसतं, कारण ती भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. म्हणजे नोट स्वतःच सांगते की मी एक वचन आहे, कुणाचं तरी देणं आहे. आपण ती वाचत नाही, इतकंच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. वस्तुविनिमयाची दंतकथा टाकून तिच्या जागी ‘पैसा कर्जातूनच जन्मला’ अशी दुसरी दंतकथा बसवू नका. ग्रेबर वाचून उत्साहात आलेली मुलं तेच करतात. कुठे देवळाचा हिशेब, कुठे राजाचा कर, कुठे लग्नातलं देणं, कुठे परक्याशी व्यापार. पैशाला अनेक वाटांनी येता आलं असेल. एकच उगम सांगायचा मोह हाच मुळात ‘पूर्वी’चा मोह आहे.

मग परीक्षेत काय लिहायचं? हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे, गुण तर मिळाले पाहिजेत. पाच मुद्दे लिहा. फक्त सुरुवातीला ‘समजा’ घाला आणि शेवटी दोन ओळी जोडा: ‘ही पैशाची कार्ये समजण्यासाठी केलेली तार्किक मांडणी आहे. प्रत्यक्ष समाजांत उधारी, वतन, वाटा, उचल अशा संबंधांतून देवाणघेवाण झाल्याचे दिसते.’ यासाठी कुणी गुण कापणार नाही, बहुधा वाढवूनच देईल.

आणि शिक्षक मंडळी ऐकत असतील तर त्यांना एक विनंती. हा धडा शिकवून झाला की मुलांना एक काम द्या. आपल्या घरात गेल्या महिन्यात जी जी देवाणघेवाण झाली, तिची यादी करायला सांगा. दूधवाला, वाणी, शेजारीण, कामवाल्या मावशी, मामाकडून घेतलेले पैसे, बचत गटाचा हप्ता, सगळं. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने ठेवा. पहिल्यात लिहायचं, कोण कुणाचं देणं लागतं. दुसऱ्यात लिहायचं, यात कुणाला ‘नाही’ म्हणता आलं असतं. दुसरा रकाना भरताना मुलं अडखळतील, आपसांत वाद घालतील. तिथे त्यांना घाई करू नका. पुढच्या व्याख्यानात आपण ‘मागणी’ हा शब्द घेणार आहोत. तेव्हा ही यादी जवळ ठेवा, ती कामाला येईल.